ऑपरेशनची तारीख लांबली, राग अनावर झाला: हा अविश्वास आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं ख्रिस्ती कुटुंब, आईचं वय 58. स्तनात गाठ आली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नाव घातलं, तीन आठवडे तपासण्यांत गेले आणि आता ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली आहे. मुलगा खिडकीवरच्या कर्मचाऱ्यावर ओरडला. आई म्हणते, "भांडू नको रे, देव बघून घेईल." मंडळीतले लोक यशया 40:31 ऐकवतात, प्रभूची वाट पाहणाऱ्यांना नवं बळ मिळतं ते वचन. एका प्रार्थना गटाने तर औषधं थांबवून रोगमुक्तीच्या सभेला आणा असं सुचवलं आहे. मुलाला तीन गोष्टी कळायला हव्यात: असं चिडणं म्हणजे विश्वास कमी पडणं का, ही तारीख पुढे-मागे होऊ शकते का, आणि मधल्या काळात करायचं काय.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घड्याळ तिथे चालू आहे.

पाच आठवडे कशामुळे लागत आहेत, हे आधी शोधा. "तारीख मिळाली" या दोन शब्दांमागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, ऑपरेशन थिएटरचे दिवस आणि भूलतज्ज्ञ मोजके आहेत, यादी खरोखर तेवढी लांब आहे. दोन, तुमची फाइलच पूर्ण नाही. कुठला तरी रिपोर्ट यायचा आहे आणि तो येईपर्यंत कुणीतरी अंदाजाने पुढची तारीख टाकून दिली आहे. दुसरा प्रकार लोकांना वाटतो त्याहून बराच जास्त आढळतो आणि तो सुटण्यासारखा असतो. म्हणून पुढच्या ओपीडीत "अजून किती दिवस थांबायचं?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला "थांबावं लागेल" एवढंच उत्तर मिळतं. विचारा: "डॉक्टर, आज थिएटर रिकामं असतं तर आईचं ऑपरेशन उद्या झालं असतं का? नसतं, तर काय बाकी आहे?"

स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुधा पुढच्यापैकी काहीतरी अडलेलं असतं. बायोप्सीच्या तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या होतात. हर-टूचा निकाल 2+ आला तर तो धड होकारही नसतो आणि नकारही नसतो, मग फिश नावाची पुढची तपासणी लागते आणि तिला आणखी दिवस जातात. बायोप्सी गावाकडच्या लॅबमध्ये झाली असेल तर मोठं रुग्णालय काचेच्या स्लाइड आणि बायोप्सीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक मागवून स्वतः पुन्हा वाचतं. हे ब्लॉक तुम्हीच आणायचे असतात, ते आपोआप येत नाहीत. लॅबमध्ये लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच उभं राहून बघा. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. सीटी किंवा एमआरआय बाहेरून केलात तर फिल्मसोबत सीडीही घ्या. नुसती फिल्म नेली तर रुग्णालय तपासणी पुन्हा करायला सांगू शकतं आणि तिथली रांग वेगळी.

बाहेरून करून घेण्यासारखं काय आहे, हेही स्पष्ट विचारा. "टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ताच्या तपासण्या आम्ही नगरला करून आणल्या तर चालतील का?" बऱ्याचदा चालतात. भुलीसाठीची फिटनेस तपासणी मात्र त्याच रुग्णालयात होते आणि ती ठरावीक काळापुरतीच ग्राह्य धरतात. ऑपरेशन पुढे गेलं की ती शिळी होते आणि ऐन वेळी पुन्हा करावी लागते. तिची मुदत कधीपर्यंत आहे ते केसपेपरवर लिहून घ्या.

आता आणखी एक प्रश्न, जो विचारायला लोक बिचकतात: "ऑपरेशनच्या आधी दुसरा काही उपचार सुरू करता येईल का?" गाठ मोठी असेल किंवा काखेत गाठी असतील तर पुष्कळदा केमो आधी देतात आणि ऑपरेशन नंतर करतात. ईआर पॉझिटिव्ह असेल आणि ऑपरेशनला वेळ लागणार असेल, तर काही रुग्णांत डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या आधी सुरू करून तो काळ भरून काढतात. तुमच्या आईला यातलं काय लागू आहे हे तिचे रिपोर्ट बघणारा डॉक्टरच सांगेल. पण विचारलं नाही तर गर्दीच्या ओपीडीत ते कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

थांबल्याने खरोखर नुकसान होतं का? होतं, पण मनात येतं तेवढं नव्हे. 2020 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. कॅन्सरच्या ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला तर मृत्यूची जोखीम साधारण 6 ते 8 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. हा आकडा वाचून घाबरण्याआधी त्याचा अर्थ समजून घ्या. शंभरातल्या दहा जणींना असलेला धोका सतरा जणींवर जात नाही, दहावरून पावणेअकराच्या आसपास जातो. म्हणजे तारीख एक-दोन दिवस सरकली म्हणून रात्रीची झोप घालवायचं कारण नाही, आणि पाच आठवडे निमूट मान्य करावेत असंही नाही. तीन आठवडे आधीच गेले आहेत. इथे विचारणा करणं रास्त आहे.

रुग्णालय बदलायचा विचार मनात असेल तर हिशेब करून बदला. नव्या जागी नोंदणी, स्लाइडचं पुन्हा वाचन, तज्ज्ञांच्या बैठकीत केस मांडणं, भुलीची तपासणी यांतच दोन-तीन आठवडे जातात. तिथली तारीख त्याहून बरीच अलीकडची असेल तरच हलण्यात अर्थ. तुमच्याकडून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. परळचं टाटा हे एकच नाव लोकांच्या डोक्यात असतं. पण 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडखाली देशभरातली रुग्णालयं उपचाराच्या समान सूचना वापरतात. नेहमीच्या स्तनाच्या कॅन्सरला मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. शिवाय ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं तर सोमवार ते शुक्रवार रोज जावं लागतं, साधारण तीन आठवडे, काही वेळा पाच. तेव्हा अंतर फार महागात पडतं. मुंबईला जावंच लागलं तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात राहण्याची सोय विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कितीतरी कॅन्सर रुग्णांचा आधार आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह रुग्णालयातूनच घ्यायचा.

पैशामुळेही तारीख अडते, आणि ती अडचण आपल्याला कुणी तोंडावर सांगत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ते लागू झालं आहे. योजनेतून ऑपरेशन होणार असेल तर आधी मंजुरी लागते. कागद कमी पडला की योजनेकडून शंका विचारली जाते आणि रुग्णालयाकडून तिला उत्तर जाईपर्यंत फाइल तिथेच पडून राहते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, नेमकं विचारा: "आमच्या केसवर क्वेरी आली आहे का? कोणती?" योजनेचा मदत क्रमांक 155388.

ख्रिस्ती कुटुंबांत इथे एक नेहमीचा घोळ होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर वडिलांचं नाव "जोसेफ" तर रेशनकार्डावर "योसेफ". संगणकाला ही दोन माणसं वाटतात. आजच सगळे कागद टेबलावर पसरा आणि आईचं नाव अक्षर-अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका. भरतीच्या दिवशी सकाळी हे निघालं तर त्या दिवशीचं ऑपरेशन गेलं म्हणून समजा.

रुग्णालय सार्वजनिक न्यासाचं (ट्रस्टचं, म्हणजे धर्मादाय) असेल, आणि मिशनची बरीच रुग्णालयं तशी आहेत, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41अअ खालची योजना लागू होते. 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

एवढं झाल्यावर राग.

तुमचा राग खोटा नाही आणि त्यात पाप शोधत बसू नका. तो चुकीच्या खिडकीवर गेला, एवढंच. खिडकीवरचा कर्मचारी तारीख ठरवत नाही, तो वहीत लिहिलेली तारीख वाचून दाखवतो. तारीख ठरते युनिटच्या प्रमुखाकडे आणि व्यवहारात पुष्कळदा त्याच्या हाताखालच्या सीनियर निवासी डॉक्टरकडे. उद्या गेल्यावर त्या कर्मचाऱ्याला "काल चुकलं माझं" म्हणा आणि त्यालाच विचारा की युनिटचे डॉक्टर वॉर्डात कधी भेटतात. ही माहिती त्याच्याकडे हमखास असते. आणि आवाज चढवण्याच्या पुढे जाऊ नका. रुग्णालयात हिंसा किंवा तोडफोड झाली तर 2010 च्या राज्याच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. तुम्ही कोठडीत आणि आई वॉर्डात, असं व्हायला नको.

डॉक्टरशी बोलून हललं नाही तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी जा. एका पानात मावेल एवढंच लिहा: रुग्णाचं नाव, केसपेपर नंबर, बायोप्सीची तारीख, निदान, कोणत्या तारखेला कोणती तपासणी झाली, आज दिलेली तारीख, आणि एकच विनंती, "उशिराचं वैद्यकीय कारण कळावं आणि शक्य असल्यास आधीची तारीख मिळावी". कुणावर आरोप नको, "गरिबाला कोणी वाली नाही" वगैरे वाक्यं नकोत. पोच घ्या. न्यासाच्या रुग्णालयाने निर्धनांच्या खाटा नाकारल्या तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

"भांडू नको" असं आई म्हणते त्यात तिची भीती आहे. डॉक्टर नाराज झाले तर आपल्याला नीट बघणार नाहीत, ही ती भीती. तिच्यासमोर कधीच वाद घालू नका, आणि काय विचारलं, काय उत्तर मिळालं ते शांतपणे सांगा. तिला तिच्याच शास्त्रातून काही दाखवायचं असेल तर प्रेषितांची कृत्ये 16 काढा. फिलिप्पै इथे पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं. पौलाने नकार दिला: आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं. आदल्या मध्यरात्री हाच माणूस बेड्यांत स्तोत्रं गात होता. गाणं आणि हक्क मागणं एकाच माणसाने, एकाच दिवसाच्या अंतरात केलं.

यशया 40 बद्दल. ते वचन बंदिवासात खचलेल्या लोकांना उद्देशून आहे, ज्यांना देव आपल्याला विसरला असं वाटत होतं. थिएटरची यादी देवाने लावलेली नाही. ती खाटा, यंत्रं, भूलतज्ज्ञ आणि सरकारी खर्च यांनी ठरते, आणि माणसांनी ठरवलेल्या गोष्टीबद्दल माणसांना जाब विचारता येतो. देवावर भरवसा ठेवून थांबणं वेगळं आणि कुणीतरी रिपोर्ट पाठवायला विसरला म्हणून थांबणं वेगळं. मंडळीतले लोक या दोन्हींना एकाच वचनाचं पांघरूण घालतात, बहुधा प्रेमानेच. पण त्या वचनाखाली हर-टूचा रिपोर्ट दोन आठवडे दबून राहू शकतो.

शुभवर्तमानांत रांगेत रखडलेली माणसं आहेत आणि त्यांना तिथे कुणी दटावलेलं नाही. योहान 5 मध्ये बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेला माणूस आहे. येशू त्याला विचारतो, बरं व्हायची इच्छा आहे का? तो "हो" म्हणतच नाही, तक्रार सांगतो: मला पाण्यात उतरवायला कुणी नाही, आणि मी जातोय तोवर दुसराच माझ्या आधी उतरतो. सरकारी ओपीडीत रोज कानावर पडणारं वाक्य आहे हे, शब्दही फारसे बदलायला नकोत. येशूने त्याला धीर धरण्यावर प्रवचन दिलं नाही. मार्क 5 मध्ये बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई आहे. तिने पुष्कळ वैद्य केले, होतं नव्हतं ते खर्च केलं आणि दुखणं उलट वाढलं, असं मार्क सरळ लिहून टाकतो. ती गर्दीतून घुसून वस्त्राला शिवते. पण त्याच प्रसंगात याइरही आहे, हे आपण वाचताना विसरतो. त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे, येशू त्याच्यासोबत निघाला आहे आणि वाटेत या बाईसाठी थांबतो. तेवढ्यात निरोप येतो, मुलगी गेली. याइर त्या थांबण्यात काय बोलला ते लिहिलेलं नाही. ज्याच्या पुढ्यात दुसऱ्या रुग्णाला आधी घेतलं गेलं त्या प्रत्येकाला ती जागा ओळखीची आहे.

उशीर का झाला, असं आईने विचारलं तर योहान 11 वाचा, पण उत्तर म्हणून नव्हे. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस आहे तिथेच राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया दोघींनी, वेगवेगळ्या भेटीत, तेच वाक्य तोंडावर ऐकवलं: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी कुणालाही अविश्वासी म्हटलं नाही. मरीयेचं रडणं पाहून तो स्वतः रडला. आईला देवाशी असं बोलायची मुभा आहे हे तिला कळू द्या. स्तोत्र 13 तिला मोठ्याने वाचू द्या. पहिल्या दोन ओव्यांतच "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं आहे. रोमकरांस 8:28 मात्र तिला तुम्ही किंवा भेटायला येणाऱ्यांनी ऐकवू नका. ते खरं असलं तरी दुसऱ्याच्या तोंडून, आजारपणाच्या मध्यावर, ते वचन गप्प बसवण्यासाठी वापरल्यासारखं लागतं. तिला स्वतःला ते म्हणावंसं वाटलं तर गोष्ट वेगळी.

आता त्या प्रार्थना गटाबद्दल. इथे मऊ बोलण्यात अर्थ नाही. प्रार्थनेला जा, हात ठेवून घ्या, पण औषध किंवा तारीख सोडायला सांगणाऱ्यांकडे आईला नेऊ नका. शास्त्रात प्रार्थना आणि उपचार एकमेकांना सोडून नाहीत. 2 राजे 20 मध्ये हिज्कीयाची प्रार्थना ऐकली गेली आणि त्याच अध्यायात यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. लूक वैद्य होता. आपल्याच भागाकडे बघा. डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडरने 1900 मध्ये दवाखान्याची सुरुवात केली. त्या पिढीने चर्चही बांधलं आणि ऑपरेशन थिएटरही. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्या गटाला माहीत असलेलं बरं. वाईट म्हणजे या सभांतून परतलेले रुग्ण "गाठ वाढल्यावर" पुन्हा येतात तेव्हा त्यांची तारीख जुन्या यादीत राहिलेली नसते. त्यांना नव्याने रांगेत लागावं लागतं.

मंडळीने खरोखर काही करायचं असेल तर ही कामं द्या. भेटीला येऊन तासभर बसण्यापेक्षा ती उपयोगी आहेत. ऑपरेशनसाठी रक्तपेढी बदली रक्तदाते मागते. 18 ते 65 वयाचे, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन निदान 12.5, मागच्या रक्तदानाला पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 120 दिवस झालेले. तरुण संघातून चार नावं आणि फोन नंबर आत्ताच लिहून घ्या. लागतील कदाचित दोनच, पण ऐन वेळी एक जण तापलेला असतो आणि एक गावी गेलेला. केसपेपरच्या रांगेत पहाटे उभं राहायला एक जण, वॉर्डाबाहेर रात्रपाळीला एक जण, रेडिएशनच्या आठवड्यांत रोज सोबत जायला पाळीपाळीने पाच जण. ही यादी पाळकांनी रविवारी उपासनेनंतर उभं राहून घेतली तर पाच मिनिटांत भरते.

उपास-प्रार्थना आईने करायची नाही. तुम्ही करा. ऑपरेशनपूर्वीच्या आठवड्यांत तिला अंडी, डाळ, मासे, दूध यांतून प्रथिनं हवीत. हिमोग्लोबिन किंवा वजन घसरलं तर भूलतज्ज्ञ नकार देतो आणि तारीख पुन्हा पुढे. कॅथलिक असाल तर आजारी माणसाला उपवासाच्या नियमातून मोकळीक आहेच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणण्यासाठी हे पाच आठवडे पूर्ण वापरा, कारण ऑपरेशन रद्द होण्याच्या नेहमीच्या कारणांत वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब वरच्या क्रमांकावर आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या, स्वतः ठरवू नका. सर्दी-खोकला झाला तर लपवू नका.

तेलाने अभिषेक करून घ्यायला हरकत नाही, याकोब 5:14 मध्ये तेच आहे. कॅथलिकांमध्ये रुग्णाभिषेक फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी असतो हा समज जुना आहे. मोठ्या ऑपरेशनआधी तो मागून घेता येतो. तेल कपाळावर आणि हातांवर लावा. गाठीवर, जखमेवर किंवा रेडिएशन चालू असलेल्या त्वचेवर नको. केमो सुरू झाली तर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी कमी असतात. त्या रविवारी प्रभुभोजनात सगळ्यांचा एकच प्याला असेल तर पाळकांना आधी फोन करून वेगळा छोटा प्याला मागा. कॅथलिकांना नुसता प्रसादाचा घास पुरतो. गर्दीत मागच्या बाकावर, खिडकीजवळ बसवा.

मधल्या काळात ज्यासाठी थांबायचं नाही ते फ्रिजवर चिकटवून ठेवा. केमोनंतर ताप 100.4 फॅरेनहाइटला पोहोचला तर सकाळची वाट न बघता त्याच तासात रुग्णालय गाठायचं. पॅरासिटामॉल देऊन बघणं नाही, प्रार्थनेसाठी लोक जमवणं नाही. गाठीतून रक्त येणं, अचानक धाप लागणं, पाठीच्या कण्यात तीव्र दुखणं किंवा पायातली ताकद जाणं, सतत उलट्या आणि गुंगी: 108 ला फोन. तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने खाट नाही म्हणून परत पाठवणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात म्हटलं. रेल्वेतून पडलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, त्याचा तो खटला. धर्मादाय रुग्णालयांनाही तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. दारावर अडवलं तर एवढं शांत आवाजात सांगता येण्याइतकं पाठ असू द्या.

भरतीच्या आदल्या दिवशी वॉर्डात फोन करून खाट पक्की करा. ऑपरेशनच्या आधी घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद, वॉर्डाने वेगळी वेळ सांगितली तर ती पाळा. शेजारच्या खाटेवरच्या मावशी "एक बिस्किट काय होतंय" म्हणतील, त्यांचं ऐकू नका, त्या बिस्किटापायी ऑपरेशन रद्द होतं.

आणि एवढं करूनही त्या सकाळी आईला थिएटरच्या दारातून परत आणलं गेलं तर? असं होतं. अपघाताची केस आत घेतात, आयसीयूची खाट रिकामी होत नाही. त्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरला विचारून आईला आधी खायला द्या, ती रात्रीपासून उपाशी आहे. मग निवासी डॉक्टरला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: कारण काय, भुलीची फिटनेस अजून चालते का, आणि नव्या यादीत आमचा क्रम कितवा. रद्द झालेल्यांना पुढच्या यादीत वर घ्यायची पद्धत बऱ्याच युनिटांत असते, पण मागितल्याशिवाय ती आठवत नाही. नवी तारीख केसपेपरवर डॉक्टरांच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.